धानाचा कॅमशाफ्ट

बंडोपंत पाठकांची लँडमास्टर ही मूळची एका मालगुजार जमीनदाराची शिकारीची गाडी होती, हे बालाघाटात ज्याला माहीत नसेल त्याला बंडोपंत स्वतः सांगत. लग्नाच्या पंगतीत सांगत, टेलिफोनचं बिल भरायच्या रांगेत सांगत. एकदा दाढ काढायला गेले तेव्हा तोंडात कापूस असतानाही सांगायला लागले होते. गाडी एकोणीसशे छप्पनची. गोंदियाच्या एका दलालाकडून त्यांनी ती चौऱ्याहत्तर साली घेतली होती. "वाघामागं धावलेली गाडी आहे ही," असं ते म्हणाले, की त्यांच्या पत्नी आशालताबाई हातातलं काम न थांबवता म्हणायच्या, "वाघ म्हातारा असेल."

कारण गाडी पळतच नसे. चढ चढायची, चिखलातून निघायची, टॉप गिअरमध्ये माणसाच्या चालीनं बाजारातून जायची. पण काटा पन्नासच्या आसपास आला की तिचा दम संपायचा. बंडोपंतांनी ती अठरा वर्षं चालवली, आणि त्या अठरा वर्षांत रस्त्यावरची यच्चयावत वाहनं त्यांना मागं टाकून गेली. लालबर्ऱ्याच्या रस्त्यावर एकदा वऱ्हाडानं भरलेली मेटॅडोर पुढे गेली आणि टपावरच्या बँडवाल्यांनी त्यांना बाजा वाजवून दाखवला. सिंचन खात्यातला कार्यकारी अभियंता माणूस. त्याला हे लागायचं. त्यांनी कार्बोरेटर बदलला, कॉइल बदलली, मिस्त्री बदलले. फरक पडला नाही. शेवटी ब्याण्णव साली गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली ती उभीच राहिली.

मग दोन हजार एकच्या दसऱ्याआधी बंडोपंतांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावरची पट्टी सुटल्यावर ते अंगणात आले, शेडकडे बघत राहिले आणि म्हणाले, "अरे, हिची काय दशा झाली आहे!" त्याच आठवड्यात त्यांनी जाहीर केलं, की इंजिन पुरतं उघडायचं आणि नव्यानं बांधायचं.

या कामात त्यांच्या जोडीला आली ती त्यांची सून, अबोली. अबोली भंडाऱ्याची. शहरातल्या पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकलच्या पोरांना शिकवायची. तिचा नवरा रजत सिवनीला बँकेत होता आणि शनिवारी रात्री घरी यायचा. लग्नाला तीन वर्षं झाली तरी सासरे आणि सून यांचं बोलणं 'चहा झाला का' आणि 'पेपर कुठे आहे' यापलीकडे फारसं गेलं नव्हतं. भांडण नव्हतं. विषय नव्हता. आता अंगणात इंजिन उघडायची बोलणी सुरू झाली, तेव्हा अबोली ओल्या हातानं बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा, उघडताना मी असले तर चालेल?" बंडोपंतांनी नव्या डोळ्यांनी तिच्याकडे बघितलं. "चालेल काय," ते म्हणाले, "पाना धर."

गोंदिया रोडवर हेमराजचं गॅरेज होतं. गाडी ओढत तिथं नेली. हेमराज चाळिशीचा, बोलका, जुन्या गाड्यांचा शौकीन. त्यानं इंजिन खोलून एकेक भाग पोत्यावर मांडला, आणि एक लांबट दांडा उजेडात धरून बोट फिरवत म्हणाला, "साहेब, कॅमशाफ्ट गेला. पहा ना, नाकं कशी बसून गेली."

इंजिनला श्वास घ्यायला झडपा असतात. त्या कधी उघडायच्या, किती उघडायच्या आणि किती वेळ उघड्या ठेवायच्या हे या दांड्यावरची नाकं ठरवतात. लँडमास्टरच्या दांड्यावर अशी आठ नाकं होती. दांडा फिरतो, नाक वर येतं, झडप उचलली जाते. इंजिनाचा स्वभाव असा त्या नाकांच्या घडणीत असतो. नाक बसकं झालं, की झडप पुरती उघडत नाही आणि इंजिन अर्ध्या श्वासावर चालतं.

नवा कॅमशाफ्ट कुठं मिळणार? हेमराजनं फोनाफोनी केली. नागपूरला असे दांडे घासून देणारा एक ग्राइंडरवाला होता. त्याच्याकडे याच इंजिनाचा एक कोरा दांडा पडून होता, एकच, आणि त्याची नाकं अजून घासलेली नव्हती. त्यानं फोनवर विचारलं, "कोणत्या घाटाची नाकं काढू? कंपनीची काढतो. फास्ट पाहिजे तर फास्ट काढतो. पण विचार करून सांगा. एकदा घासलं की मागं येता येत नाही."

"फास्ट," बंडोपंत लगेच म्हणाले.

अबोली हसली. मग तिच्या लक्षात आलं, की ते खरंच म्हणताहेत.

"बाबा, फास्ट कॅम झडप जास्त वेळ उघडी ठेवतो. जोरात पळताना त्याचा फायदा. पण हळू चालताना इंजिन अडखळतं. काली पुतली चौकात गाय आडवी आली की बंद पडेल गाडी."

"पडू दे. गाय गेली की परत सुरू करू."

"आणि चढ?"

"अबोली," बंडोपंत जरा गंभीर होऊन म्हणाले, "शिकारीची गाडी आहे ती. ती मुळात अशी मरतुकडी असेल का? काहीतरी गेलंय तिच्यातलं. अठरा वर्षं मला ते सापडलं नाही. आता या दांड्यात सापडत असेल तर मला ते पुरेपूर पाहिजे."

निवड करायची तर आधी जुन्यात काय होतं ते बघावं, असा विचार करून अबोलीनं जुना दांडा जुन्या साडीत गुंडाळला आणि पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत नेला. दोन ठोकळ्यांवर आडवा ठेवला, वर डायल गेज लावला आणि हातानं हळूहळू फिरवत एकेका नाकाची उंची घेतली. पहिलं नाक कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्यापेक्षा जवळजवळ दीड मिलिमीटर कमी. ठीक आहे, झिजलं असेल. दुसरं मोजलं. तेवढंच कमी. तिसरं, चौथं. आठही नाकं सारखीच बुटकी.

ती थांबली. तिनं गेज तपासला, पुन्हा मोजलं. आकडे तेच.

झीज अशी शिस्तीत होत नसते. एखादं नाक जास्त झिजतं, एखाद्याला तेल बरं मिळतं म्हणून ते वाचतं. इथं आठही नाकं एका मापाची होती आणि नुसती बुटकी नव्हती. त्यांच्या दोन्ही बाजूंचे उतारसुद्धा घासून आत घेतलेले होते. भिंगातून पाहिल्यावर जुन्या ग्राइंडिंगच्या बारीक रेघा दिसल्या. हे कुणीतरी मुद्दाम केलं होतं, आणि चांगल्या हातानं केलं होतं.

पण कशासाठी? लोक इंजिनाची ताकद वाढवायला काय काय करतात. चांगल्या गाडीचा श्वास जाणूनबुजून आखूड कोण करेल?

संध्याकाळी ती थेट गॅरेजमध्ये गेली. बंडोपंत तिथंच स्टुलावर बसलेले होते. तिनं आकडे सांगितले, तसा हेमराज हातातलं काम टाकून उठला.

"थांबा मॅडम. मंग मी बी एक गोष्ट दाखवतो. मले वाटलं कोण्या मिस्त्रीचा जुगाड असन, म्हणून बोललो नाही." त्यानं इंजिनाच्या डोक्याखालचं गॅसकेट काढून दाखवलं. एकाऐवजी दोन गॅसकेटं होती आणि मध्ये तांब्याचा जाड पत्रा. "हे काहून लावते मालूम? दाब कमी कराले. घासलेटवर इंजिन चालवाचं असन त असं करा लागते. अन हे पहा." पेट्रोलच्या नळीवर दुतोंडी तोटी होती, एक तोंड खिळा ठोकून बंद केलेलं. "इकडून पेट्रोल, तिकडून घासलेट. पेट्रोलवर सुरू कराचं अन गरम झालं का घासलेटवर टाकाचं."

"शिकारीला घासलेट?" बंडोपंत म्हणाले.

आता तिघांनाही राहवेना. तिघं मिळून त्या गाडीभोवती फिरले, वाकून बघू लागले, बॅटरी मारून बघू लागले. मागच्या डाव्या चाकाच्या ड्रमवर कंपनीच्या भोकांखेरीज आणखी चार भोकं सापडली, जणू तिथं दुसरं काहीतरी बोल्टनं आवळलेलं असावं. अबोलीनं क्लचच्या डब्यात हात घातला, तेव्हा जुन्या काळ्या ग्रीसमध्ये काहीतरी खरखरीत लागलं. तिनं ते वर्तमानपत्रावर काढलं, रॉकेलनं धुतलं आणि उजेडात धरलं.

धानाची तुसं होती ती. मूठभर.

हेमराज बघतच राहिला. मग त्यानं कपाळावर हात मारला. "अरे बाप्पा! मोटारीची चक्की! लहानपणी मी मायसोबत गेलतो ना धान घेऊन. खैरलांजीच्या अलीकडे, नवाटोल्याले. एक मोटार विटांवर उभी राहे अन तिच्या चाकाले पट्टा लावून धान भरडाची मशीन चाले. काळी मोटार होती. मैनाबाईकडची."

"आमची गाडी क्रीम रंगाची आहे," बंडोपंत म्हणाले.

हेमराजनं दाराकडे बोट दाखवलं. गाडीच्या दाराची कड जिथं खरवडली होती, तिथं क्रीमखाली काळा रंग दिसत होता. तो बंडोपंतांनी सत्तावीस वर्षं पाहिलेला होता.

रविवारी सकाळी सासरा आणि सून वारासिवनीमार्गे खैरलांजीच्या बसमध्ये बसले. धान कापून झालेलं, शेतांच्या बांध्या मोकळ्या पडलेल्या, खळ्यांवर मळणी सुरू. बंडोपंत खिडकीशी खांदे पाडून बसले होते. अबोलीला त्यांचं वाईट वाटत होतं आणि त्याच वेळी कधी एकदा नवाटोला येतो असं झालं होतं. या दुसऱ्या गोष्टीची तिला थोडी लाजही वाटत होती.

मैनाबाईचं घर विचारावं लागलं नाही, पहिल्याच माणसानं बोट दाखवलं. मैनाबाई साठीच्या पुढची, सडपातळ, अंगणात सुपानं तांदूळ पाखडत बसलेली. आतून नातीनं हिंदीत विचारलं, "दादी, कौन आया?" मैनाबाईनं हात झटकले, खाट पुढे ओढली, आणि हेमराजचं नाव सांगितल्यावर दोघांकडे नीट पाहिलं.

"मोटारीचं विचाराले आले? कोणती, आमची?" ती म्हणाली. "काळी होती ते. पुढं मोठ्ठे डोळे. ते अजून हाये?"

"आहे," अबोली म्हणाली. "आमच्याकडे आहे."

"हौ!" मैनाबाईनं पदर तोंडाला लावला. माहेरच्या कुणाची खुशाली कळावी तसा तिचा चेहरा झाला. मग तिनं जे सांगितलं ते असं.

गाडी खरोखरच एका मालगुजाराची होती. हे ऐकताना बंडोपंत खाटेवर जरा सरसावून बसले. पण तो मालगुजार गाडीतून नागपूरला लग्नकार्याला जायचा. शिकारीचं मैनाबाईला काही ठाऊक नव्हतं. सहासष्ट साली त्यानं ती काढली आणि मैनाबाईच्या सासऱ्यानं घेतली. रस्त्यावर चालवायला नव्हे. गावात वीज नव्हती, धान भरडायला वारासिवनीला बैलगाडीनं जावं लागायचं. मैनाबाईचा नवरा तेजराम यंत्रातला किडा होता. नवऱ्याचं नाव ती घेत नव्हती. 'अपेक्षाचे आजोबा' म्हणत होती, अपेक्षा म्हणजे आतली ती नात. तेजरामनं गाडी अंगणात आणली, मागची एक बाजू उचलून विटांवर टेकवली, तिकडचं चाक काढून तिथं पट्ट्याची पुली बसवली आणि तिला भरडायची मशीन जोडली.

"एकच चाक उचललं?" बंडोपंतांनी मध्येच विचारलं.

"एकच. दुसरं भुईवर."

"म्हणजे उचललेलं चाक दुप्पट वेगानं फिरणार!" बंडोपंत अबोलीकडे वळले. बसमध्ये खांदे पाडून बसलेला माणूस तो हा नव्हेच. "डिफरन्शियलमुळं! थांबलेल्या चाकाचा वेगही यालाच मिळणार! काय डोकं आहे! आणि बाई, उभी गाडी तापत नव्हती का?"

"तापे ना. मंग पाण्याचा ड्रम जोडला. मोटारीतलं पाणी ड्रमात जाय, ड्रमातलं मोटारीत. हिवाळ्यात सारे पोट्टे त्याच पाण्यानं आंघोळ करत. तेलाचा वास ये, पण गरम." मैनाबाई हसली. "पाच गावचं धान ये आमच्याकडे. अपेक्षाचे आजोबा तिरोडीले कामावर जात, मंग चक्की मीच चालवत होती. सकाळी हँडल मारून सुरू मीच करू."

अबोलीनं साडीत गुंडाळलेला दांडा पिशवीतून काढला. "आजी, हे ओळखता का?"

मैनाबाईनं तो मांडीवर घेतला, नाकांवरून बोट फिरवलं. "हेच त. याच्यापायी त किती कटकट झाली."

सुरुवातीला मशीनमध्ये तांदूळ फुटायचा, ती सांगू लागली. पोतंभर धान दिलं की निम्मी कणी. लोक बोलायचे. इंजिन हळू ठेवलं की अडखळायचं, झटके द्यायचं, आणि प्रत्येक झटक्याला दाणा फुटायचा. वेग वाढवला की मशीनच तापायची. तेजराम रात्रंदिवस त्याच विचारात. तिरोडीला एका वर्कशॉपात त्याच्या ओळखीचा घासकाम करणारा होता. तेजरामनं हा दांडा काढून त्याच्याकडे नेला, नाकं थोडी उतरवून आणली. दांडा बसवला, धान भरडलं, कणी मोजली. पुन्हा काढला, पुन्हा नेला. हंगाम संपत आला तेव्हा एकदाचं इंजिन हळू चालीवरही असं एकसारखं चालायला लागलं, की मैनाबाईला झोप यायची.

"मंग तांदूळ पाहाचा," ती म्हणाली. "अख्खा. लोक म्हणत, मैनाबाईकडचा तांदूळ अख्खा."

अबोलीच्या डोक्यात ते आठ आकडे आता जागच्या जागी बसत होते. कमी उंची, आखूड उघडझाप, हळू चालीवर एकसारखा श्वास. जोराची गरजच नव्हती. न फुटलेल्या दाण्यासाठी केलेला कॅमशाफ्ट. अशी गोष्ट तिनं कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती आणि वाचली असती तर विश्वास ठेवला नसता.

त्र्याहत्तरला गावात वीज आली. विजेची चक्की आली. मोटार विटांवरून उतरली आणि गोंदियाचा दलाल ती घेऊन गेला. तेजराम जाऊन आता सहा वर्षं झाली होती.

"आम्हाला नवा दांडा घासून घ्यायचा आहे," बंडोपंत म्हणाले. "तुमच्या यजमानांनी केला होता तसाच घ्यावा का? तुम्हाला काय वाटतं?"

"धान भरडाचं असन त असाच घ्या," मैनाबाई म्हणाली. "फिराले जाचं असन त मले काय विचारता, साहेब?"

घरी आल्यावर दोन-तीन दिवसांनी बंडोपंत शेजारच्या लग्नाला जाऊन आले आणि तिथं गाडीचा विषय निघूनही त्यांनी शिकारीची गोष्ट सांगितली नाही, असं आशालताबाईंनी अबोलीला आश्चर्यानं सांगितलं. मग एका दुपारी ते ओसरीवर येऊन बसले. आशालताबाई उकडलेले शिंगाडे सोलत होत्या, अबोली पेपर तपासत होती.

"मी ठरवलं आहे," बंडोपंत म्हणाले. "तेजरामचाच घाट घ्यायचा. फास्टबिस्ट नको. माणसानं इतक्या खटपटीनं एक वस्तू केली. ती आपण पुसून टाकायची?"

अबोलीला ते पटत होतं. खरं तर तिनं तेजरामच्या नाकांचा आराखडा रात्री कागदावर काढूनही ठेवला होता, आणि तो इतका सुबक दिसत होता की तिला तोच धातूत उतरलेला बघायचा होता. ती मान डोलावणार, इतक्यात आशालताबाई म्हणाल्या, "अठरा वर्षं मी त्या गाडीत बसले. सिवनीला लग्नाला निघालो की मुहूर्त टळून गेल्यावर पोचायचो. ती तांदळाची चाल होती हे आता कळलं. त्या बाईंनी तर साफ सांगितलं, फिरायला जायचं तर मला विचारू नका. आपण काय धान भरडणार आहोत का?"

"अगं, पण..."

"मोटारीच्या चालीनं ती कशी चालते ते एकदा बघू या ना. तुम्ही तरी कुठं पाहिलंय?"

अबोलीनं लाल पेन खाली ठेवलं. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. फास्ट की तेजरामचा, एवढंच चाललं होतं. मधली गोष्ट, म्हणजे ही गाडी बनवणाऱ्यांनी ती कशी चालावी म्हणून बनवली होती, ती या घरात कुणालाच माहीत नव्हती. गाडी घरात येऊन सत्तावीस वर्षं झाली होती आणि ती मुळात कशी आहे, हे पाहायचंच राहिलं होतं.

"आई, बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. आणि सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, जुना दांडा कुठं जात नाही. तो मी वर्गात ठेवीन. पोरांना विचारीन, हा कुठल्या कामासाठी केला असेल, ओळखा."

बंडोपंतांनी एक शिंगाडा उचलून खाल्ला. मग आत जाऊन नागपूरला फोन लावला. पलीकडच्या माणसानं दोनदा विचारलं असावं, कारण बंडोपंत ओरडले, "नाही, फास्ट नको! कंपनीचा! आधी ती मुळात कशी आहे ते बघू द्या मला!"

कॅमशाफ्ट आला तो उसाच्या कांड्यासारखा कागदात गुंडाळून. अबोलीनं आठही नाकं मोजली. पुस्तकाबरहुकूम. हेमराजनं तांब्याचा पत्रा काढून टाकला, एकच गॅसकेट लावलं. दांडा तेल चोपडून आत सरकवताना बंडोपंत श्वास धरून उभे होते. दांडा फिरवणाऱ्या साखळीवरच्या खुणा जुळवायचं काम अबोलीनं केलं. खूण एक दात चुकली तर झडपा भलत्या वेळी उघडल्या असत्या, म्हणून तिनं जुळवली, हेमराजनं पाहिली, बंडोपंतांनी चष्मा लावून पाहिली, आणि मग अबोलीनंच परत पाहिली.

नवा कॅम पहिल्यांदा हळू चालवायचा नसतो, नाकांना तेल मिळत नाही. म्हणून इंजिन सुरू झालं तेच जोरात. गॅरेज धुरानं भरलं, शेजारचा पानवाला धावत आला. बराच वेळ तसं ठेवल्यावर हेमराजनं पाय काढला. इंजिन खाली आलं, थोडं हेलकावे घेत, टुकटुक करत चालू राहिलं. पूर्वीसारखं झोप आणणारं नव्हतं. बंडोपंत कान लावून म्हणाले, "कुणी तरी वेगळंच बोलतंय."

वारासिवनीच्या रस्त्यावर पहिली फेरी झाली. बंडोपंत चालवत होते, शेजारी आशालताबाई, मागं अबोली आणि शनिवारी आलेला रजत. पहिल्याच गतिरोधकावर गाडी बंद पडली; बंडोपंतांनी सवयीनं टॉप गिअरमध्येच ठेवली होती आणि हे इंजिन आता ते खपवून घेत नव्हतं. गिअर बदलायची नव्यानं सवय करावी लागणार होती. मग मोकळा रस्ता आला. काटा चाळीस झाला, पन्नास झाला. पन्नासला बंडोपंतांनी नेहमीप्रमाणे दम संपायची वाट पाहिली. तो संपला नाही. पंचावन्न. साठ. झाडं मागं जाऊ लागली, पुढं एक जीप दिसली, जवळ आली, आणि बाजूनं मागं गेली. काटा सत्तरकडे निघाला तेव्हा गाडी एकदम मंदावली.

"काय झालं?" अबोली पुढं वाकली. "काही आवाज आला का?"

"नाही," बंडोपंत म्हणाले. कपाळावर घाम आला होता. "मी पाय काढला. भीती वाटली."

"हो का?" आशालताबाई म्हणाल्या. "मला नाही वाटली. चला पुढं."

पुढच्या रविवारी गाडी नवाटोल्याला गेली. सगळा टोला जमा झाला. मैनाबाई घरातून आली, गाडीभोवती एक फेरी मारली, दिव्यांवर हात ठेवला. बंडोपंतांनी इंजिन चालूच ठेवलं होतं. तिनं थोडा वेळ ऐकलं.

"हा आवाज तिचा नाही," ती म्हणाली.

बंडोपंतांचा चेहरा पडला. अबोली समजावून सांगणार होती, की हाच आवाज तिचा मूळचा आहे, तुमच्याकडे यायच्या आधीचा. पण मैनाबाईला त्यात वाईट वाटलेलं दिसत नव्हतं. तिला वेगळंच काही बघायचं होतं. ती खाली वाकून मागच्या चाकाकडे पाहत होती, जिथं तिच्या वेळी पट्टा असायचा.

"बसता का आजी?" अबोलीनं विचारलं. "एक चक्कर मारून येऊ."

"मी?" मैनाबाई म्हणाली. "मी त कधी बसलीच नाही हिच्यात. इतके वर्षं रोज सुरू केली. पण चालताना नाही पाह्यली."

आशालताबाई उतरून मागं बसल्या आणि पुढची जागा रिकामी केली. मैनाबाईनं चपला बाहेर काढल्या. बंडोपंतांनी घालूनच बसा म्हटल्यावर पुन्हा घातल्या. गाडी हलली तसा तिनं दाराचा दांडा पकडला. घरं मागं गेली, खळी मागं गेली. ती समोरच्या काचेतून पाहत नव्हती. खिडकीतून खाली, चाकाशेजारून धावणाऱ्या रस्त्याकडे पाहत होती, आणि मधूनच बंडोपंतांच्या पायांकडे, गिअरच्या दांड्याकडे.

"हे दाबलं का काय होते?" तिनं विचारलं. बंडोपंतांनी क्लच समजावून सांगितला. "अन आता दांडा काहून हलवला?" त्यांनी गिअर समजावून सांगितला. तिनं इंजिनाच्या आवाजाकडे कान लावून ठेवला आणि पुढचा गिअर कधी पडणार हे दोनदा बरोबर ओळखलं. बंडोपंत मागं वळून अबोलीकडे बघून हसले. रस्त्याकडे बघा, असं आशालताबाईंनी त्यांना सुनावलं.

खैरलांजीचा फाटा आला. बंडोपंतांनी वेग कमी केला आणि वळायला जागा पाहिली.

"काहून वळवता?" मैनाबाई म्हणाली. "आता त कुठं चालू लागली."

बंडोपंतांनी आरशातून मागं पाहिलं. आशालताबाईंनी होकारार्थी मान हलवली. त्यांनी गिअर टाकला आणि गाडी तशीच सरळ पुढं नेली.